आधी गुडघे, मग पाळी

"बाई, गार पाण्यात हात घालू नको. माझ्याकडं बघ आन् शहाणी हो."

धुरपता आत्यानं मला हे सांगितलं तेव्हा माझा सत्यम जेमतेम आठवड्याचा होता. बाळंतिणीला बघायला म्हणून ती शिरूर अनंतपाळहून मुद्दाम अहमदपूरला, माझ्या माहेरी आली होती. पिशवीतून डिंकाचे लाडू काढले आणि मग स्वतःचे दोन्ही हात माझ्या तोंडासमोर धरले. आत्याची बोटं किती तरी वर्षांपासून एका बाजूला कललेली आहेत, वाऱ्यानं ज्वारीची कणसं एकाच दिशेला झुकावीत तशी. तिचं म्हणणं असं की ती बाळंतपणात कुणाचं ऐकायची नाही, आडाच्या गार पाण्यानं धुणं धुवायची, म्हणून सांधे धरले.

मी बी.एस्सी. झालेली आहे, तेही केमिस्ट्री घेऊन. मी म्हटलं, "आत्या, पाण्यानं सांधे धरत असते तर मासे पकडणाऱ्या कोळ्यांचं काय झालं असतं?"

"कोळी बाळंत होतात का?" आत्या म्हणाली.

मी तरीही तिचं ऐकलं नाही. आईनं बाजेखाली शेगडी ठेवली की मी ती पायानं सरकवायचे. कानाला बांधलेला रुमाल आई वळली की काढायचे. आणि गार पाण्यानं खुशाल हात धुवायचे.

मग मी लातूरला सासरी परत आले. माझे यजमान बालाजी एका दालमिलमध्ये सुपरवायझर आहेत. सासरे गावाकडं शेती बघतात आणि सासूबाई, म्हणजे कस्तुराबाई, सत्यम झाल्यापासून आमच्याजवळ राहतात. आमच्याकडं सासूला मामी म्हणायची पद्धत आहे, म्हणून मीही मामीच म्हणते.

सत्यम दीड वर्षाचा झाला, त्याचं अंगावरचं दूध सुटलं, माझी पाळी पुन्हा सुरळीत झाली, आणि एका सकाळी मला खोबरेल तेलाच्या बाटलीचं झाकण फिरवता येईना. बोटं आखडलेली, मनगटं जड. गुडघ्यांचं तर विचारूच नका, संडासातून उठताना मला नळाचा आधार घ्यावा लागला. दोन-तीन दिवसांनी सगळं आपोआप गेलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढच्या महिन्यात परत तेच.

मी कुणालाच काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर फोन अहमदपूरला गेला असता, तिथून शिरूरला, आणि तिथून "बघ, मी म्हणले न्हवते?" असं परत आलं असतं. तेही मी सोसलं असतं. पण खरं सांगायचं तर मला त्या दुखण्याचं नाव ऐकायची भीती वाटत होती. एकदा नाव मिळालं की ते आत्याचंच दुखणं असणार आणि माझे हात आत्यासारखे होणार, हे मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. सत्यमची वेणी घालायची नव्हती मला, तो मुलगा आहे, पण त्याच्या शर्टाची बटणं लावायची होती, पेन्सिल धरायला शिकवायची होती. आणि तो तर बारा किलोचं पोतं! त्याला कडेवर घेताना मनगटातून कळ आली की माझ्या डोळ्यांसमोर तो हातातून निसटलेलाच दिसायचा. मी तशीही काळजीखोर आहे. लेकरू झोपलं की त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणाऱ्यांपैकी. आता त्यात भर पडली. दात घासताना, गॅसजवळ, दिवसातून कितीदा तरी मी बोटं ताणून बघायची, कुठं कलायला लागलीत का.

अशाच एका सकाळी पलंगावर बोटं न्याहाळत बसले होते. स्वयंपाकघरातून मामींचा आवाज आला.

"सुकन्या, कणीक मळतीस का?"

मी बोटं मिटून बघितली, मिटेनात.

मामी दारात आल्या. "कामून बसलीस अशी? अडचण आली का काय?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "हाव."

"मंग सांगायचं न्हाई का! बस तिकडंच. मी बघते."

इतकं सोपं असेल असं मला वाटलंच नव्हतं. आमच्याकडं पाळीत बाई बाहेर बसते. मामी बाकी मोकळ्या स्वभावाच्या. टीव्ही, सोफा, पलंग, सगळ्याला हात लावलेला चालतो. फक्त स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही आणि देवाजवळ जायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हा मी यावर फार वाद घातला होता. कॉलेजात तर या विषयावर भाषण करून दुसरं बक्षीसही मिळवलं होतं. आता त्याच उंबऱ्याच्या अलीकडं मी पाय लांब करून बसले, आणि चहा माझ्यासमोर स्टुलावर आला. गुडघ्यांना किती बरं वाटलं म्हणून सांगू!

पंचाईत झाली ती सत्यमची. लहान लेकराला विटाळ नसतो, पण त्याच्या अंगावरच्या कपड्याला असतो, असा मामींचा नियम. तो माझ्या मांडीवरून उठून स्वयंपाकघराकडं पळाला की मामी त्याला उंबऱ्याशी अडवायच्या, चड्डी-बनियन काढायच्या आणि मग आत घ्यायच्या. तो परत माझ्याकडं आला की मी कपडे चढवायची. दिवसातून इतक्यांदा हे झालं की शेवटी तो स्वतःच उंबऱ्याशी थांबून दोन्ही हात वर करायला लागला. त्याला तो खेळच वाटला.

दोन-तीन दिवसांनी खरीच पाळी आली. मला वाटलं, देवानं माझी लाज राखली. पुढच्या महिन्यात गुडघे बोलायला लागले तशी मी पुन्हा बसले, आणि पुन्हा दोन-तीन दिवसांत खरी आली. मग मला त्याची सवयच लागली. आधी खोटी, मग खरी, असा जवळजवळ आठवडा मी बाहेर काढू लागले.

त्या आठवड्यात भाकरी अर्थात मामीच करायच्या. आणि ती भाकरी हळूहळू जाड व्हायला लागली, कडा फाटलेल्या. बालाजी एकदा ताटावर म्हणाले, "आई, ही भाकर हाय का ट्रॅक्टरचं टायर?"

"खायची तर खा. न्हाईतर बायकोला शिव आन् जा हॉटेलात."

बालाजी खाली मान घालून जेवले. मला वाटलं, मामी माझ्यावर चिडल्यात आणि तो राग भाकरीवर निघतोय. मी घरातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवून असते, कुणाचं काय बिनसलंय ते मला लगेच कळतं, असा माझा समज होता.

पण मामी चिडल्या नव्हत्या. त्या घाबरल्या होत्या. हे मला दाराआडून कळलं.

समोरच्या घरात बसम्मा काकू राहतात. त्या उदगीरकडच्या, बोलताना मधूनच कन्नडमध्ये शिरतात. एका दुपारी दोघी जिन्यात शेंगा फोडत बसल्या होत्या आणि मी सत्यमला थोपटत आत पडले होते.

"आठ-आठ दिवस बसून राहिली वो पोरगी," मामी म्हणत होत्या. "दर म्हैन्याला. तोंड बघा कसं उतरलंय."

"अय्यो शिवा! माझ्या थोरल्या जावेचं हेच झालं की. मग पिशवी काढून टाकली. आता बघा, कशी टुणटुणीत हाय."

"सत्तावीसचीच हाय वो ती."

"मग काय झालं? एक लेकरू हाय की. पिशवी ठिवून काय लोणचं घालायचंय?"

पिशवी म्हणजे गर्भपिशवी. आमच्या भागातल्या बायका ती काढण्याविषयी दाढ काढल्यासारखं बोलतात. मी पलंगावर ताडकन उठून बसले. सत्यम रडायला लागला.

संध्याकाळी मामींनी बालाजींना बाजूला नेऊन सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मला सांगायचं तरी. मी काय परका हाय का? उद्याच नंबर लावतो."

तेव्हाच मी खरं सांगून टाकायला हवं होतं. पण खरं सांगितलं असतं तर बायकांच्या डॉक्टरऐवजी सांध्याच्या डॉक्टरकडं नंबर लागला असता, आणि माझा तर सगळा आटापिटा तो टाळण्यासाठीच होता. एका बाजूला हात, दुसऱ्या बाजूला पिशवी. रात्री मी दोन्हींची काळजी आळीपाळीनं केली.

डॉ. दिपाली मॅडमचा दवाखाना नेहमीप्रमाणे भरलेला होता. सत्यमला घेऊन बालाजी बाहेर थांबले. आत गेल्या गेल्या मामींनीच सुरुवात केली.

"मॅडम, आठ-आठ दिवस अंगावरून जातंय हिच्या. पार वाळून गेली. पिशवी काढायची असली तर आत्ताच सांगा. पुढं ज्वारीची काढणी येती, आमचे मालक मोकळे नसतेत."

मॅडमनी चष्मा वर ढकलला. "मावशी, आधी पिशवीच्या मालकिणीला तर बोलू द्या." आणि माझ्याकडं वळल्या. "दिवसाला किती पॅड लागतात?"

मी खरं ते सांगितलं.

"गाठी पडतात? चक्कर येते?"

"नाही."

"महिन्याला एक पाकीट पुरतं?"

"पुरतं. कधी कधी उरतं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आठ दिवस जातंय आणि पाकीट उरतंय?"

मी टेबलावरच्या काचेकडं बघत राहिले. मामी माझ्याकडं बघत होत्या, हे मला न बघताच कळत होतं.

"पहिले दोन-तीन दिवस जात नाही," मी म्हणाले.

"मग?"

"मग मी नुसतीच बसते."

मग मामींचा आवाज आला, आणि तो दवाखान्याच्या बाहेरपर्यंत गेला. "म्हंजे मी तिकडं त्या लेकराला नागडं करून करून थकले, आन् तू कोरडीच व्हतीस?"

बाहेरच्या बाकड्यावर कुणीतरी खुदकन हसलं. मॅडमनी ओठ दाबून धरले होते.

"कामून गं? कामाचा एवढा कंटाळा व्हता तर तोंडानं सांगायचं!"

"कंटाळा नाही मामी," मी म्हणाले, आणि मला रडूच फुटलं. मी दोन्ही हात टेबलावर ठेवले. आत्यानं माझ्यासमोर ठेवले होते अगदी तसे. मग सगळंच बाहेर आलं. झाकण, गुडघे, मनगटातली कळ, सत्यम हातातून पडेल ही भीती, गार पाणी, शेगडी, आत्याची बोटं.

मॅडमनी माझं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं. नंतर त्यांनी जे विचारलं ते मात्र मला अजिबात अपेक्षित नव्हतं.

"एक सांग. तू अशी खोटं बसल्यावर खरी पाळी किती दिवसांनी येते?"

"दोन-तीन दिवसांत."

"कधी फसलीस का? म्हणजे बसलीस आणि आलीच नाही, असं?"

"नाही. दरवेळी आली."

"तुला याचं नवल नाही वाटलं? मध्येच कधी, पंधरा दिवस आधी, का नाही बसलीस?"

"पंधरा दिवस आधी दुखतच नाही ना मॅडम, तेव्हा कशाला..." मी बोलता बोलता थांबले.

"हं," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे तू खोटं बोलत नव्हतीस. फक्त थोडं आधी बोलत होतीस."

त्यांनी समजावून सांगितलं. पाळी यायच्या आधी शरीरातली काही संप्रेरकं झरझर खाली येतात. त्या दिवसांत कुणाचं डोकं दुखतं, कुणाची छाती जड होते, कुणाची कंबर, आणि काही जणींचे सांधे. सगळ्यांना होतं असं नाही. कुणाला किती होईल, तेही सांगता येत नाही. बाळंतपणानंतर झोप नाही, खाणं वेळेवर नाही, रक्त कमी, अशी बाई असली की ते जास्तच जाणवतं. "आणि गार पाण्याचा यात काही संबंध नाही," त्या म्हणाल्या. "हिवाळ्यात गार पाण्यानं हात जास्त दुखतील, पण पाण्यानं रोग होत नाही. मात्र तुझ्या आत्याला आहे तो सांधेवात तुला नाही ना, हे मी तपासणार. आत्याला आहे म्हणजे आपण बघायलाच हवं. आणि पिशवीला कुणी हात लावणार नाही."

"लावायचा न्हाईच!" मामी म्हणाल्या, जशी काही बसम्मा काकूंनी ती माझ्या पोटातून काढायला घेतली होती.

"सकाळी उठल्यावर बोटं किती वेळ आखडलेली असतात?" मॅडमनी मला विचारलं.

"चहा होईपर्यंत."

"बरं. मूठ मिटून दाखव. घट्ट."

मी मिटली. तेव्हा पाळी होऊन गेलेली होती, मूठ झटकन मिटली. मॅडमनी बोटांचे पेर एकेक करून दाबून बघितले. त्या दाबत असताना मी सवयीनं इकडंतिकडं बघत होते आणि माझी नजर मामींच्या मांडीवर गेली.

माझं बघून मामीही मूठ मिटून बघत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, आपली सहजच. आणि त्यांची मूठ मिटत नव्हती. बोटं तळव्याच्या अलीकडं येऊन थांबत होती. बोटांच्या मुळाशी सूज होती. लसूण सोलताना, भाकरी थापताना रोज माझ्या डोळ्यांसमोर असलेला तो हात मी पहिल्यांदाच बघत होते.

"मामी," मी म्हणाले, "हे काय?"

त्यांनी हात पदराखाली घेतला. "काय न्हाई. वय झालं."

मॅडम खुर्चीवरून उठून त्यांच्याजवळ आल्या. "दाखवा मावशी. सकाळी किती वेळ असे राहतात?"

"राहतेत उलीसे."

"उलीसे म्हणजे?"

"दुपारच्या भाकरीपस्तोर मोकळे व्हतेत."

"रोज?"

"आता रोजच. औंदा जरा जास्तीच."

मॅडमनी चिठ्ठीवर माझ्या नावाखाली आणखी एक नाव लिहिलं.

बाहेर आल्यावर बालाजींनी घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, "पिशवी?"

"पिशवी हाय तिथंच हाय," मामी म्हणाल्या. "तुझ्या बायकोला आजार न्हाई, अक्कल जास्त झालीय."

रिपोर्ट आले तेव्हा माझ्या सांधेवाताच्या तपासण्या चांगल्या निघाल्या. रक्त कमी होतं, व्हिटॅमिन डी कमी होतं, बाकी काही नाही. मॅडमनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, त्या दोन-तीन दिवसांत जेवणानंतर घ्यायची एक गोळी दिली, गरम पाण्यानं शेकायला सांगितलं आणि रोज चालायला सांगितलं. चार-सहा महिने बघू म्हणाल्या, आणि महिनाभर सूज राहिली तर तशीच उठून ये, असं बजावलंही. मी घरी येऊन सत्यमला कडेवर घेतलं आणि एवढं गोल फिरवलं की त्याला उलटी झाली.

मामींचे रिपोर्ट मात्र मॅडमनी दोनदा बघितले. त्यांना सांधेवाताच्या डॉक्टरांना दाखवायला हवं होतं. लातुरात लवकर नंबर मिळेना, म्हणून मॅडमनी नांदेडच्या एका डॉक्टरांना फोन केला. "वेळेवर आलात," त्या म्हणाल्या. "बोटं अजून सरळ आहेत. आता औषध सुरू केलं तर सरळ ठेवता येतील. पण टाळू नका."

मामींनी लगेच टाळलं.

"मला काय धाड भरली? नांदेडला जाऊन येईपस्तोर दिवस जातो. लेकरू लहान हाय. हात दुखायचेच या वयात, आमच्या मायचे बी दुखायचे."

"तुम्ही इतके दिवस बोलला का नाहीत?" मी विचारलं.

मामी लसूण सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "काय बोलणार? तू तिकडं बसलेली. मी बी बसले असते तर चूल कोण पेटवणार व्हतं? तुझा नवरा?"

माझ्या गुडघ्यांना मिळालेला सगळा आराम त्या सुजलेल्या बोटांनी थापला होता. जाड भाकरी, फाटलेल्या कडा. मी त्यात राग शोधत बसले होते.

मग मी त्यांच्या हातातून लसणाची ताटली काढून घेतली. "उठा. चला बाहेर."

"कामून?"

"आजपासून तुम्ही बाहेर बसायचं. स्वयंपाकघरात पाय टाकायचा नाही."

"बाहेर? माझी पाळी जाऊन वर्षं लोटली गं!"

"माझी तरी कुठं आली होती?"

मामींनी माझ्याकडं डोळे वटारले. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं, रडतात की काय. त्या हसत होत्या, पदर तोंडात कोंबून. "अगं माय गं," एवढंच म्हणत होत्या.

त्या दिवशी त्या खरंच सोफ्यावर बसल्या. मी उंबऱ्याच्या आतून पहारा दिला. दर पाच मिनिटांनी त्यांचं सुरू व्हायचं, "फोडणी करपून राहिली," "हिंग घातला का?" आणि मी म्हणायची, "शिवायचं नाही. विचारायचंही नाही." सत्यम आजीच्या मांडीवरून उठून उंबऱ्याशी आला, सवयीनं हात वर करून उभा राहिला, आणि मी त्याला कपड्यांसकट आत घेतलं तर भोकाड पसरलं. शेवटी त्याच्या समाधानासाठी बनियन काढावं लागलं. संध्याकाळी मिलमधून आल्यावर बालाजींनी भाकरी थापायला घेतली. पहिली भाकरी परातीलाच चिकटली, दुसरी तव्यावर तीन ठिकाणी फाटली.

"आण इकडं, दाव," मामी सोफ्यावरून म्हणाल्या. बघितली आणि म्हणाल्या, "ट्रॅक्टरचं टायर तरी गोल असतंय."

पुढच्या सोमवारी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी नांदेडला निघालो. सत्यम बापाजवळ राहिला. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तर माझी आई डबा घेऊन उभी, आणि तिच्या शेजारी धुरपता आत्या! आईनं फोनवर सांगितल्याबरोबर ती शिरूरहून आदल्या दिवशीच येऊन राहिली होती. आत्यानं खालून खिडकीकडं हात वर केला आणि मामींना म्हणाली, "विहीणबाई, दावून या. मला कुणी नेलं न्हाई. मी बी कुणाला म्हणले न्हाई."

"तुम्ही बी चला की," मामी म्हणाल्या. "हिच्या गळ्यात दोन्ही म्हाताऱ्या."

"मी?" आत्या हसली. "माझे वाकले ते वाकले."

मी उठून दारात गेले आणि तिचा हात धरला. "आत्या, वाकले तरी दुखतात ना? त्या दुखण्यालाच औषध असतं. चढ." कंडक्टर घंटी वाजवत होता. आईनं डब्याबरोबर आत्यालाही गाडीत ढकललं. चार माणसांचं जेवण आम्ही तिघींनी लोह्याच्या आतच संपवलं.

नांदेडच्या डॉक्टरांनी दोघींना तपासलं. मामींचं लवकर सापडलं, म्हणाले. गोळ्या लांबच्या आहेत, रक्त तपासत राहावं लागेल, पण हात कामाचे राहतील. आत्याची बोटं सरळ होणार नाहीत, पण सूज उतरेल, रात्रीची झोप लागेल. परतीच्या गाडीत आत्यानं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "म्हंजे पाण्यानं न्हाई झालं?"

"नाही आत्या."

"मंग मी उगंच एवढ्या बाळंतिणींना भेव दाखवलं गं," ती म्हणाली, आणि मामींना एवढं हसू आलं की पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला.

याला आता काही महिने झाले. माझे गुडघे अजूनही आधी बोलतात, पण आता मी त्यांना ओळखते. त्या सकाळी मी घरात सांगून टाकते, "मामी, गुडघे आले," आणि त्या म्हणतात, "येऊ दे, शेकायला पाणी ठिवते." बाहेर बसायची प्रथा आमच्याकडं अजून पूर्ण गेली नाही. त्यावर आमचे वाद चालूच असतात. पण दुखण्यासाठी कुणाला खोटं बोलावं लागत नाही.

म्हणून तुम्हाला एक विनंती करते. तुम्ही हे वाचताय तेव्हा तुमच्या घरात, किंवा फोनच्या पलीकडं, एक बाई असेल जी सगळ्यांच्या आधी उठते. तिला "दुखतं का?" असं विचारू नका, ती "काय न्हाई" म्हणेल. उद्या सकाळी, अगदी सकाळी, ती कामाला लागायच्या आधी तिच्याजवळ जाऊन बसा, तिचा हात आपल्या हातात घ्या आणि म्हणा, मूठ मिट बरं. आणि मिटेपर्यंत तिथून उठू नका.